शेण-चिखल दिसतो, कवयित्री का दिसत नाही?

२५ डिसेंबरला महाडात मनुस्मृती दहन दिन होतो आणि नऊच दिवसांनी महाड-पोलादपूरच्या वाड्यावस्त्यांत सावित्रीमाईंची जयंती. एखादी मुलगी लुगडं नेसून उभी राहते आणि ‘मी सावित्री’ म्हणून बोलू लागते.

या एकपात्रींची वाट सुषमा देशपांडे यांनी १९८९ मध्ये ‘व्हय, मी सावित्रीबाई’ने रुळवली. लेखन त्यांचं, भूमिकाही त्यांचीच. गावोगावी प्रयोग झाले. एकपात्रीत दगड मारणारा सनातनी दिसत नाही. अभिनेत्रीनं अंग चोरलं, नजर वळवली की तो प्रेक्षकांना दिसतो. मोठं अवघड काम आहे हे.

आमच्या जयंत्यांत मात्र त्यातली दहा मिनिटंच उरली. शेण, चिखल, पिशवीतलं दुसरं लुगडं, टाळ्या. मार खाणारी बाई मनुवाद्यांनाही चालते, तिच्यासाठी हळहळता येतं. लिहिणाऱ्या बाईला उत्तर द्यावं लागतं!

‘काव्यफुले’ १८५४ मध्ये आला, तेव्हा माई २३ वर्षांच्या होत्या. ज्योतिरावांचं ‘तृतीय रत्न’ त्यानंतरच्या वर्षीचं. ज्या केशवसुतांना आधुनिक मराठी कवितेचं जनकत्व दिलं जातं, त्यांचा जन्मच १८६६ चा. पोलादपुरात ‘शिवभारत’कार परमानंदांची समाधी आहे. राजाचं चरित्र काव्यात लिहिलं म्हणून ते ‘कवींद्र’. माईंनी ज्योतिरावांच्या निधनानंतर त्यांचं चरित्र ‘बावनकशी सुबोध रत्नाकर’ या काव्यात लिहिलं. त्यांना ‘कवयित्री’ म्हणतानाही आपले वक्ते अडखळतात.

लेखणी चालवणं रंगमंचावर दाखवणार कसं, असं विचारतात. माईंचं २९ ऑगस्ट १८६८ चं नायगावहून ज्योतिरावांना लिहिलेलं पत्र वाचा. गणेश हा ब्राह्मण तरुण, शारजा ही महार मुलगी. दोघांचं प्रेम उघड झालं आणि गाव त्यांना ठार मारायला निघालं. माई धावत गेल्या, इंग्रजी कायद्याचा धाक घातला आणि दोघांचे जीव वाचवले. आज जातीबाहेर लग्न केलेल्या पोरापोरींचे खून पडतात. याहून जिवंत प्रवेश कुठला हवा? पत्र लिहायला बसलेली माई, आणि लिहिता लिहिता समोर उभं राहणारं ते गाव.

वेशभूषेचंही एक सांगायचं आहे. डिसेंबर १९२७ मध्ये याच महाडात बाबासाहेब आपल्या आयाबायांशी बोलले : लुगडं असं नेसा की त्यावरून कुणी जात ओळखू नये. बायकांनी ते लगेच अमलात आणलं. म्हणून माई गरीब दिसावी यासाठी मुलीला फाटकं नेसवू नका. नीटनेटकं नेसवा.

येत्या ३ जानेवारीसाठी मुली आतापासून पाठांतर करताहेत. त्यांच्या हाती मा. गो. माळी संपादित ‘सावित्रीबाई फुले समग्र वाङ्मय’ द्या आणि कोणती कविता म्हणायची ते त्यांनाच ठरवू द्या.

जयभीम! जय सावित्री!