एअरमन्स ग्रेव्ह

इंग्लंडच्या ईस्ट ससेक्स परगण्यात, ॲशडाउन फॉरेस्टमधील डडल्सवेल या वस्तीच्या पश्चिमेस असलेले दुसऱ्या महायुद्धातील स्मारक. नावाचा अर्थ ‘हवाई सैनिकाची कबर’. पण येथे कोणालाही पुरलेले नाही, आणि स्मारकही एकाचे नसून सहा जणांचे आहे. परिसराचे नावही असेच चकवणारे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये राजाच्या शिकारीसाठी राखलेल्या मुलखाला ‘फॉरेस्ट’ म्हणत, मग तिथे झाडी असो वा नसो. ॲशडाउनचा जवळजवळ दोन-तृतीयांश भाग हेदर आणि गॉर्सच्या झुडपांचे उघडे माळरान आहे. ए. ए. मिल्न यांच्या ‘विनी-द-पू’च्या गोष्टी याच परिसरात घडतात.

३१ जुलै १९४१ रोजी सकाळी ब्रिटिश हवाई दलाच्या १४२व्या स्क्वाड्रनचे एक वेलिंग्टन बाँबफेकी विमान जर्मनीतील कोलोन शहरावरील हल्ल्याहून परतताना या माळावर कोसळले. विमानातील सहाही जण ठार झाले. वेलिंग्टन हे दोन इंजिनांचे विमान. बार्न्स वॉलिस यांनी आखलेला त्याचा सांगाडा धातूच्या पट्ट्यांच्या जाळीचा असे आणि त्यावर कापड ताणलेले असे. मोठी भगदाडे पडूनही तग धरणारे विमान म्हणून त्याची ख्याती होती.

मृतांपैकी सार्जंट पी. व्ही. आर. सटन हे २४ वर्षांचे होते. हे स्मारक त्यांच्या आईने उभारले, सरकारने नव्हे. दगडी कुंपणभिंत, आत पांढरा क्रूस आणि त्याभोवती चिमुकली बाग, एवढाच त्याचा पसारा. ज्यांची कबर ठाऊक नाही अशा २०,०००हून अधिक हवाई सैनिकांची नावे कोरलेले रनीमीडचे भव्य स्मारक १९५३ मध्ये झाले, तर बाँबर कमांडच्या ५५,५७३ मृतांसाठी लंडनच्या ग्रीन पार्कमधील स्मारक व्हायला २०१२ साल उजाडले. त्यांच्या शेजारी ही बाग अगदीच घरगुती वाटते. तिचे मोल त्या घरगुतीपणातच आहे. मात्र आईने मुलासाठी बांधलेल्या या भिंतीआड उरलेल्या पाच जणांनाही जागा मिळाली, हे एकवचनी नावामुळे झाकले जाते.

दरवर्षी ११ नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी, म्हणजे युद्धमृतांच्या स्मरणदिनी, येथे छोटी प्रार्थनासभा भरते. श्रीमती सटन यांनी तशी विनंती करून ठेवल्यामुळे त्या दिवशी ॲशडाउन फॉरेस्टचा एक रेंजर क्रूसापाशी पुष्पचक्र वाहतो.