दिवसाचे दिवे

जुलैमधला रविवार, सकाळचे साडेदहा. रत्नागिरीहून साखरप्यामार्गे आंबा घाट चढून मी वर आलो आणि आंब्याच्या एका टपरीवर चहाला थांबलो. घाटात धुकं असं होतं की वायपर पाऊस पुसतोय की ढग पुसतोय ते कळू नये. तरी मी निवांत होतो. गाडी नवी, समोर दोन पांढऱ्या एलईडी भुवया लखलखतायत, डॅशबोर्ड निळाशार उजळलेला. म्हणजे लाईट चालू. अजून काय पाहिजे?

माझ्या मागोमाग एक ट्रक येऊन थांबला. ड्रायव्हर उतरला तो थेट माझ्याकडे.

"भावा, गाडी लई झ्याक हाय. पण मागनं दिसत न्हाई की."

मी म्हटलं, "अहो लाईट चालू आहेत की!" आणि समोरच्या भुवया दाखवल्या. त्याने काही न बोलता मला दंडाला धरून गाडीच्या मागे नेलं. मागे ठार काळोख. एकही लाल दिवा नाही. "पुढं झगमगाट आन् मागं आमुशा. दोनदा ब्रेक मारलाव मी तुझ्यापाई," असं म्हणून तो चहा सांगायला गेला. चहाचे पैसे मी दिले, हे वेगळं सांगायला नको.

घरी, म्हणजे मलकापूरला (शाहूवाडीचं मलकापूर, कऱ्हाडजवळचं नव्हे), पोचल्यावर पहिलं काम काय केलं असेल तर गाडीचं मॅन्युअल काढलं. इंजिनिअर माणूस मॅन्युअल वाचतो तो सगळं होऊन गेल्यावरच. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : डेटाईम रनिंग लाईट, म्हणजे डीआरएल चालू असताना मागचे दिवे लागत नाहीत. म्हणजे हा बग नव्हता, फीचर होतं! मग हे असं कुणी आणि का ठरवलं याच्या मागे लागलो, आणि पुढचे दोन वीकएंड त्यातच गेले.

गोष्ट सुरू होते उत्तरेकडे. मलकापूर साधारण 17 अक्षांशावर आहे आणि हेलसिंकी 60 वर. डिसेंबरात तिथला दिवस सहा तासांचाही नसतो आणि सूर्य उगवला तरी क्षितिजालगत रेंगाळत राहतो. दुपारी बारा वाजताही आपल्या संध्याकाळसारखा उजेड. अशा उजेडात रस्त्यावरची करडी गाडी करड्या रस्त्यात विरघळून जाते. म्हणून फिनलंडने 1972 साली हिवाळ्यात गावाबाहेरच्या रस्त्यांवर दिवसाही दिवे लावायची सक्ती केली. 1977 मध्ये स्वीडनने ती वर्षभरासाठी आणि सगळ्या रस्त्यांवर केली. मग नॉर्वे, आइसलँड, डेन्मार्क.

यातला मुद्दा नीट लक्षात घ्या, कारण पुढचा सगळा घोटाळा त्यात आहे. हेडलाईट असतो आपल्याला रस्ता दिसावा म्हणून. डीआरएल असतो आपण समोरच्याला दिसावं म्हणून. दोन्ही दिवे पुढेच, दोन्ही पांढरे, पण कामं पूर्ण वेगळी. एक इनपुटसाठी, दुसरा आउटपुटसाठी म्हणा हवं तर.

सुरुवातीला लोक सरळ हेडलाईटच लावायचे. पण हेडलाईटचा खटका दाबला की मागचे लाल दिवे, नंबर प्लेटचा दिवा, डॅशबोर्डचे दिवे असा सगळा लवाजमा जागा होतो. पुढचे दोन हॅलोजनच 55-55 वॅटचे. सगळं मिळून सव्वाशे-दीडशे वॅट, आणि ती वीज शेवटी पेट्रोलमधूनच येणार. शिवाय बल्ब लवकर जाणार. मग व्होल्व्होने समोरच्या पार्किंग लाईटच्या घरातच 21 वॅटचा एक जास्त प्रखर बल्ब दिला. कॅनडाने 1 डिसेंबर 1989 पासून बनणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीला डीआरएल सक्तीचा केला तेव्हा तिथल्या कंपन्यांनी अस्सल जुगाड केला. दोन्ही हायबीम एकाला एक जोडून सिरीजमध्ये टाकले. बारा व्होल्ट दोघांत वाटले गेले, प्रत्येकाला सहा. दिवे मंद लागले, नवा दिवा बसवायचा खर्च वाचला. दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकातलं सर्किट! पण हायबीमचा झोत तो हायबीमचाच. 90 च्या दशकात अमेरिकेत अशा गाड्या आल्या तेव्हा डोळ्यांवर येतात म्हणून लोकांनी भरपूर तक्रारी केल्या.

युरोपचं ठरायला वेळ लागला. ऑस्ट्रियाने 2005 मध्ये दिवसा दिव्यांची सक्ती केली आणि 2008 उजाडताच मागेही घेतली. मोटरसायकलवाल्यांचं म्हणणं असं की आजवर दिवसा फक्त आमचा दिवा लागायचा म्हणून आम्ही उठून दिसायचो, आता सगळेच लावू लागले तर आमचं काय? मला हे पटतं. शेवटी 7 फेब्रुवारी 2011 पासून युरोपात नव्या मॉडेलच्या मोटारींना वेगळा, खास डीआरएल बंधनकारक झाला. तोवर एलईडी आले होते आणि ऑडीने त्या दिव्याचा दागिना करून टाकला होता. डीआरएल बघून कंपनी ओळखायचा खेळ तेव्हापासूनचा. आपल्याकडच्या गाड्यांना भुवया आल्या त्या या फॅशनच्या लाटेवर, सुरक्षेच्या नव्हे, असं माझं प्रामाणिक मत आहे.

आता हे दिवे एकमेकांशी कसे वागतात ते बघू. संयुक्त राष्ट्रांच्या नियमांप्रमाणे एका डीआरएलची तीव्रता 400 ते 1200 कँडेला. हेडलाईट किंवा पुढचे फॉगलाईट लावले की डीआरएलने आपणहून विझायचं (नुसता डिपर मारला तर नाही), नाहीतर रात्री समोरच्याचे डोळे दिपतील. मग काही गाड्यांत हेडलाईट लावल्यावरही त्या भुवया दिसतात त्या कशा? त्याच एलईडीला पार्किंग लाईटची ड्युटी दिलेली असते. एलईडी सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि बंद राहण्याचा वेळ वाढवायचा, डोळ्याला तो मंद वाटतो. दिवा एकच, पगार दोन. इंडिकेटर डीआरएलला अगदी खेटून असेल (40 मिलिमीटर किंवा कमी) तर वळताना त्या बाजूचा डीआरएल मंद करता किंवा विझवता येतो, नाहीतर पांढऱ्या उजेडात पिवळा बुडून जातो. हे सगळं छान विचार करून लिहिलेलं आहे. आमच्या प्रोजेक्टची स्पेक्स इतकी छान असती तर!

पण मागच्या लाल दिव्यांचं काय? ते पार्किंग लाईटच्या साखळीत बांधलेले, आणि डीआरएल या साखळीच्या बाहेर. का, तर दिवसा लख्ख उजेडात मागे दिवा कशाला, हा साधा हिशोब.

हिशोब तसा चूक नव्हता. घोटाळा झाला तो डॅशबोर्डमुळे. माझ्या मामांची मारुती 800 आठवते. संध्याकाळी स्पीडोमीटरचा काटा दिसेनासा झाला की मामा लाईट लावायचे, कारण काट्यामागचा दिवा त्याच खटक्यावर. काटा दिसत नाही म्हणजे लाईट बंद. हा फुकटचा अलार्म होता, आणि कुणी मुद्दाम डिझाईन केलेला नव्हता. पुढे कायम उजळलेले स्क्रीन आले आणि तो अलार्म गेला. वर समोरच्या भिंतीवर डीआरएलचा उजेड पडतो, त्यामुळे आपले दिवे लागलेत अशी खात्रीच पटते. आमच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर पडलाय आणि मॉनिटरिंगचा हिरवा दिवा हसतोय.

कॅनडात रात्री अशा पुढून उजळ, मागून काळ्या गाड्या इतक्या फिरू लागल्या की त्यांना 'भुताच्या गाड्या' म्हणायला लागले. शेवटी सरकारने नियम बदलला. सप्टेंबर 2021 पासून नव्या गाडीत तीनपैकी एक गोष्ट हवीच. डीआरएलबरोबर मागचे दिवेही लागले पाहिजेत, किंवा अंधार पडला की सगळे दिवे आपोआप लागले पाहिजेत, किंवा दिवे लावले नसतील तर डॅशबोर्ड अंधारात राहिला पाहिजे. तिसरा पर्याय वाचून मी खुर्चीतच हसलो. मामांची मारुती परत आली की!

दुसरा पर्याय, म्हणजे ऑटो हेडलाईट, माझ्या गाडीत नाही. तो वरच्या मॉडेलात होता, मी पैसे वाचवले. पण असता तरी त्या रविवारी कामाला आला असता का, शंका आहे. युरोपीय नियमात सेन्सरने 1000 लक्सच्या खाली दिवे लावायचे, 7000 च्या वर विझवायचे, मधे कंपनीची मर्जी. सेन्सर मोजतो उजेड. आणि आंब्याचं दिवसाचं धुकं काळं नसतं, पांढरंफेक असतं. सेन्सरच्या दृष्टीने छान दिवस आहे, फक्त वीस पावलांवरचं दिसत नाही एवढंच.

डीआरएलने अपघात किती टळतात यावरही एकमत नाही. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याने 2008 च्या अहवालात एकूण अपघातांत ठळक फरक आढळत नसल्याचं म्हटलं. आपल्या डोक्यावरच्या उन्हात तर स्कँडिनेव्हियाइतका उपयोग होणारच नाही. पण घाटात, झाडीत आणि पावसात आपलाही हेलसिंकी होतो. तेव्हा आपले लोक काय करतात? चारी इंडिकेटर लावून गाडी चालवतात. मग वळताना कुठल्या बाजूला वळतोय हे सांगायची सोयच राहत नाही. मागचा फॉगलाईट असेल तर तो लावा, त्याची तीव्रता किमान 150 कँडेला असते आणि तो नेमका यासाठीच जन्माला आलाय. नसेल तर लाईटचा खटका एक घर फिरवला तरी मागचे दिवे लागतात. आपल्या 1989 च्या मोटार वाहन नियमांतही दिवे फक्त रात्रीसाठी नाहीत, पुरेसा उजेड नसेल तेव्हा कधीही लावायचे आहेत.

याच मुलखातून जुलै 1660 मध्ये महाराज पन्हाळ्याहून विशाळगडाकडे निघाले होते. तीही पावसातली रात्र, आणि सगळी भिस्त दिसू नये यावर. असो, विषयांतर झालं.

दुचाकींचं मात्र आपल्याकडे सरळ झालं. 1 एप्रिल 2017 पासून नव्या दुचाकीचा दिवा इंजिनबरोबर लागतो, बंद करायचं बटणच नाही. आठवतंय ना, त्या वर्षी अख्खा महाराष्ट्र एकमेकांना हाताची बोटं उघड-मीट करून "लाईट चालू आहे!" सांगत होता?

गेल्या रविवारी पुन्हा गावी गेलो. भुरभुर पाऊस होता म्हणून मलकापुरात शिरतानाच खटका फिरवला. स्टँडजवळ समोरून स्कूटरवर एक आजोबा आले, मागे नातू. आजोबांनी माझ्याकडे बघून बोटं उघड-मीट केली. त्यांच्या स्वतःच्या स्कूटरचा दिवाही चालूच होता. मी हसून हात केला आणि दिवे तसेच ठेवले.