दाराची कुरकुर आणि जवसाचे तेल

भंडारा जिल्हा तलावांचा आणि धानाचा. कापणीपूर्वीच उभ्या धानात, जमिनीतल्या ओलीवर जवस किंवा लाखोळी फेकून पेरण्याची 'उतेरा' पद्धत इथे जुनी आहे. त्यामुळे जवसाचे तेल स्वयंपाकघरात ओळखीचे. दार कुरकुरू लागले की हाताशी असलेले तेच तेल बिजागरीत सोडले जाते. चार दिवस दार मुकाट्याने फिरते. पुढे मात्र पूर्वीपेक्षा जड होते. असे का?

कुरकुर म्हणजे अडखळत घसरणे. दोन पृष्ठभाग क्षणभर एकमेकांना धरतात, सुटतात, पुन्हा धरतात. हे सेकंदात शेकडो वेळा घडले की आवाज उमटतो. व्हायोलिनचा गजही असाच तारेला धरतो व सोडतो. घर्षण भाराच्या प्रमाणात वाढते, हा नियम फ्रान्सच्या आमोन्तों यांनी १६९९ मध्ये मांडला आणि कूलोम यांनी १७८१ मध्ये तो विस्ताराने तपासला. वंगणाचे काम एवढेच, की दोन पृष्ठभागांमध्ये स्वतः सहज सरकणारा थर ठेवायचा.

हा थर ओला राहिला पाहिजे. जवसाचे तेल तसे राहत नाही. हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे रेणू एकमेकांत गुंफले जातात. तेल आधी चिकट होते आणि शेवटी त्याचा घट्ट पापुद्रा बनतो. म्हणून तर चित्रकारांनी आणि रंगाऱ्यांनी शतकानुशतके ते रंगात वापरले. १०० ग्रॅम तेल किती ग्रॅम आयोडीन शोषते, यावरून तेलाचा वाळण्याकडील कल कळतो. जवसाचा हा आकडा सुमारे १७० ते २००, तर एरंडेलाचा ८२ ते ९० आहे.

एरंडेल वाळत नाही. शिवाय ते दाट असते. त्यातील रिसिनोलिक आम्लाचे हायड्रॉक्सिल गट रेणूंना परस्परांकडे ओढून धरतात, त्यामुळे दाब पडला तरी तेल लवकर बाहेर सरत नाही. बंडीच्या आसाला एरंडेल घालणाऱ्या शेतकऱ्याला हे अनुभवाने ठाऊक होते. भारतातील रेल्वेनेही सुरुवातीच्या काळात वंगण म्हणून एरंडेल वापरले. 'कॅस्ट्रॉल' या वंगणाचे नावही एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले. अमेरिकेत १८५९ मध्ये ड्रेक यांच्या विहिरीतून खनिज तेल निघाले आणि पुढे स्वस्त खनिज वंगणांनी वनस्पतितेलांना बाजूला सारले.

आज अनेक वर्गांना ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या असतात. त्यांच्या खाचेत कोणतेही तेल ओतले, तरी धूळ मिसळून त्याचा चिखल होतो व चाके घासली जातात. तिथे आधी खाच कोरड्या ब्रशाने साफ करावी आणि मग मेणबत्ती घासावी. कुलपात किंवा बिजागरीत पेन्सिलीच्या शिशाची पूड चालते. ग्रॅफाइटचे थर एकमेकांवरून सहज सरकतात. पावसाळ्यात अडणारे लाकडी दार मात्र ओलाव्याने फुगलेले असते. त्याचा इलाज तेलात नाही. ते वाळू द्यावे.

विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. काचेच्या दोन पट्ट्यांवर जवसाचे तेल आणि एरंडेल यांचा पातळ थर लावून त्या धूळ बसणार नाही अशा ठिकाणी उघड्या ठेवाव्यात. रोज बोट लावून नोंद करावी. कोणते तेल रंगाला आणि कोणते दाराला, हे मग फळ्यावर लिहावे लागणार नाही.