लोखंडाच्या गाळाकडून अणुगुच्छाकडे

'उल्हासनगर कॅम्प नं. ३' या पत्त्यातला 'कॅम्प' हा दुसऱ्या महायुद्धातील लष्करी छावणीचा. फाळणीनंतर येथे सिंधी निर्वासित वसले आणि १९४९ साली उल्हासनगर स्थापन झाले. शेजारच्या अंबरनाथ-बदलापूरला पुढे रासायनिक कारखाने आले. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराजवळून येणारी वालधुनी नदी उल्हासनगरात पोचते ती सांडपाणी घेऊनच. कारखान्यांतून एवढा टाकाऊ माल का निघतो? एका जुन्या अभिक्रियेच्या आधारे हे पाहू.

नायट्रोबेंझीन विषारी आहे. ते त्वचेतूनही शरीरात शिरते आणि रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची क्षमता घटवते. त्याचे क्षपण केले की ॲनिलीन मिळते. तेही विषारीच, पण रंग, औषधे व रबर-रसायने यांचा तो कच्चा माल आहे. रशियात झिनिन यांनी १८४२ मध्ये सल्फाइड वापरून हे क्षपण केले. १८५४ मध्ये फ्रान्सच्या बेशां यांनी लोखंड व आम्ल वापरले. १८५६ मध्ये पर्किन यांना जांभळा कृत्रिम रंग गवसला आणि ॲनिलीनची मागणी वाढली.

बेशां पद्धतीचा हिशेब वर्गात जरूर मांडावा. नायट्रोबेंझीनचे ४ रेणू, लोखंडाचे ९ अणू आणि पाण्याचे ४ रेणू यांपासून ॲनिलीनचे ४ आणि काळ्या लोह-ऑक्साइडचे ३ रेणू बनतात. वस्तुमाने ३७२ व सुमारे ६९५. म्हणजे १ किलो ॲनिलीनमागे जवळजवळ १.९ किलो गाळ! उत्प्रेरकाच्या साहाय्याने हायड्रोजन वापरल्यास मात्र फक्त ०.३९ किलो पाणी उरते.

महाराष्ट्रात ही रसायने बनवण्यासाठी १९६० मध्ये हिंदुस्तान ऑर्गॅनिक केमिकल्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. रायगड जिल्ह्यातील रसायनी येथे तिने नायट्रोबेंझीन व ॲनिलीन तयार केले. तेथील बहुतेक विभाग बंद करण्याचा निर्णय २०१७ मध्ये झाला. अग्निबाणांना लागणाऱ्या नायट्रोजन टेट्रॉक्साइडचा विभाग मात्र इस्रोकडे सोपवायचे ठरले.

आता संशोधकांचे लक्ष धातु-ऑक्साइडांच्या अणुगुच्छांकडे आहे. १८२६ मध्ये बर्झेलियस यांनी असे एक पिवळे मॉलिब्डेनम संयुग बनवले; या कुळाची रचना १९३३ मध्ये केगिन यांनी क्ष-किरणांनी उलगडली. मध्यभागी फॉस्फरसचा एक अणू, भोवती १२ धातुअणू आणि ४० ऑक्सिजन अणू. पाण्यातील फॉस्फेट तपासताना दिसणारा निळा रंग याच कुळातला! गुच्छाने इलेक्ट्रॉन स्वीकारले की तो निळा होतो. ते दुसऱ्याला देऊन पूर्ववत होतो. एका नायट्रो गटाला सहा इलेक्ट्रॉन लागतात. ते विजेकडून किंवा हायड्रोजनकडून घेऊन गुच्छ पोचवतो आणि स्वतः खर्ची पडत नाही. पाण्यातील नायट्रेटपासून खतासाठी अमोनिया मिळवायला आठ लागतात; त्या दिशेनेही प्रयोग चालू आहेत.

अडचणी आहेतच. मॉलिब्डेनम व टंगस्टन महाग आहेत, शिवाय गुच्छ पाण्यात विरघळून निसटतो. म्हणून तो टायटॅनियम ऑक्साइडसारख्या घन आधारावर पक्का बसवावा लागतो. तसे न जमल्यास नदीतले एक प्रदूषण जाऊन तेथे दुसरे येईल.