1992 ला भिवंडी का पेटली नाही?

6 डिसेंबर 1992 ला बाबरी मशीद पाडली गेली. त्या डिसेंबर-जानेवारीत मुंबईत 900 माणसं मेली, हा श्रीकृष्ण आयोगाचा आकडा. तेव्हा सगळ्यांना खरी धास्ती होती भिवंडीची. 1970 आणि 1984 च्या भीषण दंगली तिथे होऊन गेल्या होत्या. पण यावेळी भिवंडी शांत राहिली.

मंडळी, हे आपल्याच ठाणे जिल्ह्यात घडलंय. घोडबंदर रोडला ट्रॅफिक नसेल तर तासाभराच्या अंतरावर.

1988 मध्ये सुरेश खोपडे तिथे पोलीस उपायुक्त म्हणून आले. शांतता समित्या आधीही होत्या, पण त्यात तेच ते पुढारी. खोपडेंनी वस्तीवस्तीत मोहल्ला समित्या उभ्या केल्या, 70 च्या आसपास. हिंदू-मुसलमान दोघंही, आणि माणसं त्याच गल्लीतली, साधी. जबाबदारी मोठ्या साहेबावर नाही, तर रोज तिथे फिरणाऱ्या पोलीस शिपायावर. बैठकीत भाषणं कमी, गल्लीतली भांडणं मिटवणं जास्त.

त्यातून झालं काय? माणसं एकमेकांना नावाने ओळखायला लागली. दंगल अफवेवर चालते. आणि अफवा आली की "अरे, खरं काय ते सांग" असं विचारायला पलीकडे ओळखीचा माणूस असेल, तर ती तिथेच मरते.

मुंबईने हा धडा जळाल्यावर घेतला. 1994 मध्ये ज्युलिओ रिबेरो, सतीश साहनी, सुशोभा बर्वे यांनी तिथे मोहल्ला कमिटी चळवळ सुरू केली. वस्तीतली पोरं आणि पोलीस एकत्र क्रिकेट खेळू लागले.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. जुलै 2006 मध्ये पोलीस ठाण्याच्या जागेवरून भिवंडीत पुन्हा भडका उडाला. गोळीबारात दोघं गेले, दोन पोलिसांचा जीव घेतला गेला. म्हणजे एकदा जोडलेली माणसं आपोआप जोडलेली राहत नाहीत. अधिकारी बदलतो, नवी पिढी येते, काम पुन्हा करावं लागतं.

आता आपलं बघू. जानेवारी 2024 मध्ये नयानगरला जे झालं, ते आपण सगळ्यांनी पाहिलं. त्या रात्री किती जणांकडे पलीकडच्या वस्तीतल्या एका तरी माणसाचा नंबर होता? फॉरवर्ड मात्र प्रत्येकाच्या फोनवर होते.

भिवंडीत पुढाकार पोलिसांचा होता, पण समित्या चालवल्या रहिवाशांनी. आपल्याकडे सोसायट्या आहेत, मंडळं आहेत, कट्ट्यावर बसणारे आजोबा आहेत, मैदानावर खेळणारी पोरं आहेत. सुरुवात एवढीच करा: शेजारच्या वस्तीतल्या दोन माणसांशी ओळख करून नंबर घ्या. ओळख शांततेच्या दिवसातच होते. दगड पडायला लागल्यावर कोण कुणाला नाव विचारतो?