काटेरी तारेचे कुंपण : आजही उपयोगी, पण जनावर ओळखून

पनवेल, उरण, कर्जत भागात भाताची कापणी उरकली की गुरे मोकळी सुटतात. ज्याच्या शेताला कुंपण आहे तो ओलाव्यावर वाल, चवळी किंवा थोडा भाजीपाला घेतो. ज्याच्या नाही, त्याचे शेत पुढच्या पावसापर्यंत गावाचे चराऊ रान होते. म्हणून "दुसरे पीक कोणते घेऊ?" असे कोणी विचारले की मी आधी कुंपणाचे विचारतो. सौर कुंपण आले, लोखंडी जाळी आली. तरी गाय, बैल, म्हैस अडवायची असेल तर काटेरी तार अजूनही स्वस्त पडते, आणि तुटली तर पक्कड घेऊन घरच्या माणसाला जोडता येते.

कोकणात पूर्वी दरवर्षी काट्यांची वई घालत किंवा दगडांचा गडगा रचत. गडगा पिढ्यान्‌पिढ्या टिकतो, पण आज दगड आणि मजुरी दोन्ही परवडत नाहीत. वई वाळवीने आणि पावसाने एका वर्षात संपते. काटेरी तारेच्या आजच्या रूपाचे पेटंट अमेरिकेतील इलिनॉय राज्यातले शेतकरी जोसेफ ग्लिडन यांना १८७४ साली मिळाले. काटा एका तारेवर गुंडाळायचा आणि दुसऱ्या तारेचा पीळ देऊन तो जागच्या जागी पकडायचा, एवढीच त्यांची युक्ती. पिळामुळे तारेला थोडी लवचिकता येते, म्हणून उन्हात ती फार सैलावत नाही आणि थंडीत तुटत नाही. दीडशे वर्षांत या रचनेत फारसा बदल करावा लागलेला नाही.

कोण अडेल, कोण अडणार नाही

मोठ्या गुरांसाठी साडेचार फूट उंचीपर्यंत पाच तारा पुरतात. शेळ्या असतील तर खालच्या तीन तारा सहा-सहा इंचांवर घ्या, नाहीतर करडे आरामात आत शिरतात.

रानडुकराचे तसे नाही. ते तारेवरून येत नाही, खालच्या तारेखाली मुसंडी मारते किंवा माती उकरते. कर्नाळा अभयारण्याच्या आसपास किंवा कर्जतच्या जंगलालगत शेत असेल तर नुसत्या काटेरी तारेवर पैसे घालू नका. खालच्या भागात दोन-तीन फूट जाळी लावून ती अर्धा फूट जमिनीत पुरा आणि वर काटेरी तारा घ्या. वानरासाठी ही तार म्हणजे शिडीच. तिथे तिचा काही उपयोग नाही.

तारेत वीज सोडू नका

डुकरांचा त्रास वाढला की कोणीतरी घरच्या लाइनवरून कुंपणात वीज सोडतो. असे कदापि करू नका. सौर कुंपणाचे यंत्र क्षणभराचे, मर्यादित ऊर्जेचे झटके देते, त्यामुळे जनावर दचकून मागे हटते. घरगुती वीज अखंड वाहते आणि माणूस जागीच मरतो. पहाटे पाणी द्यायला गेलेला शेतकरी स्वतःच्याच तारेला चिकटल्याच्या बातम्या आपण वाचतो. आकडा टाकून वीज घेतली तर विद्युत अधिनियम २००३ च्या कलम १३५ खाली चोरीचा गुन्हा होतो. माणूस मेला तर त्याचा गुन्हा वेगळा, आणि संरक्षित वन्यप्राणी मेला तर १९७२ चा वन्यजीव कायदा लागतो. सौर यंत्रसुद्धा काटेरी तारेला जोडू नका. काट्यात अडकलेल्या जीवाला सुटता येत नाही आणि झटके बसतच राहतात. त्यासाठी गुळगुळीत तार वेगळी ओढावी लागते.

तार किती लागेल

चौरस एक एकराची (४० गुंठे) बाजू सुमारे ६४ मीटर, म्हणजे घेर २५५ मीटरच्या आसपास. पाच पदरांना साधारण १,२७५ मीटर तार लागते. १२ गेजची तार किलोला अंदाजे ८ ते १० मीटर भरते, तेव्हा दीडशे किलोच्या आसपास हिशोब धरा. दर दहा फुटांवर एक याप्रमाणे खांब ८५.

आता तोच एकर २० मीटर रुंदीची लांब पट्टी असेल तर घेर ४४० मीटरच्या वर जातो. आपल्याकडे वाटण्या होऊन अशाच पट्ट्या जास्त. म्हणून शेजाऱ्यांशी बोला. चार एकर चौघांनी वेगवेगळे घेरले तर चौरस तुकड्यांनाही हजार मीटरवर कुंपण लागते. चौघांनी मिळून बाहेरून एकच कुंपण घातले तर सुमारे ५१० मीटरमध्ये भागते. खर्च निम्मा. बांधावरून बोलणे बंद असलेले भाऊ हा आकडा ऐकून एकत्र बसलेले मी पाहिले आहेत.

खरेदी आणि खारी हवा

कळंबोलीच्या लोखंड बाजारात तार वजनावर मिळते. गेजचा आकडा वाढला की तार बारीक होते, हे लक्षात ठेवा. आयएसआय चिन्ह आणि आयएस २७८ हा क्रमांक बघून घ्या. आपल्या भागात जाडीपेक्षाही जस्ताचा थर महत्त्वाचा. उरणला किंवा खाडीकाठी खाऱ्या हवेने पातळ थराची तार लवकर तांबूस पडते. तीच तार कर्जतला पुष्कळ वर्षे चालते. खाडीजवळ जाड थराची किंवा पीव्हीसी आवरणाची तार घ्या.

खार जमिनीसाठी भाताच्या जातीचा सल्ला आपण पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राकडून घेतो, तसा खांबाचाही विचार तिथे वेगळा करावा लागतो. सिमेंट खांब गोड्या पाण्यात केलेला हवा, नाहीतर आतली सळई गंजून फुगते आणि खांब उभा चिरतो.

कोपऱ्याचा खांब

माझे पहिले कुंपण दुसऱ्या पावसाळ्यात आडवे झाले. तार उत्तम होती, पैसे मी कोपऱ्यांवर वाचवले होते. सगळ्या तारांचा ताण शेवटी कोपऱ्यावर येतो. मधला सात फुटी खांब दोन फूट जमिनीत पुरतो. कोपऱ्याचा अडीच-तीन फूट खोल घ्या, काँक्रीट भरा आणि तार जाते त्या दोन्ही दिशांना तिरके टेकू द्या. सरळ रेषेतही दर ३० मीटरला असा एक टेकूचा खांब हवा. काँक्रीट नीट मुरल्याशिवाय तार ओढू नका. तार खांबाच्या बाहेरच्या बाजूने, म्हणजे गुरे रेटतात त्या बाजूने बांधा. आतून बांधली तर सगळा रेटा बांधणीच्या तारेवर येतो.

दोन सिमेंट खांबांमध्ये पहिल्या पावसात गिरिपुष्पाचे फाटे लावा. पाला भाताच्या चिखलणीत हिरवळीचे खत म्हणून जातो आणि काही वर्षांत कुंपण दाट होते. खोडाला तार आवळून गुंडाळू नका, झाड ती गिळते.

आधी मोजणी, आणि वाट

भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घेतल्याशिवाय खड्डे घेऊ नका. कुंपण घातले म्हणून मालकी होत नाही, आणि चुकीच्या हद्दीवरचे कुंपण काढावे लागते. खाडीकाठी कांदळवन व त्याभोवतीच्या ५० मीटर पट्ट्यात तर खांब रोवूच नका.

अटल सेतू झाल्यापासून चिर्ले आणि उरणकडे प्लॉटांना कुंपणे पडत आहेत. त्यात शेताकडे जाणारी जुनी वाट बंद झाली तर गप्प बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तहसीलदारांकडे दाद मागता येते. मुदत गेली की प्रकरण दिवाणी न्यायालयात जाते आणि लांबते. वाटच नसेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून रस्ता मागता येतो. तुम्हीही कुंपण घालताना शेजाऱ्याच्या बैलजोडीची आणि पॉवर टिलरची वाट सोडा.

देखभाल

नव्या कुंपणावर पहिले पंधरा दिवस पांढऱ्या चिंध्या बांधा, म्हणजे गुरांना तार दिसते. काट्याने कास किंवा पाय फाटला तर जखम धुऊन जंतुनाशक लावा, उघडी ठेवली तर आसडी पडतात. पशुवैद्यकाला दाखवा. तार ओढणाऱ्या माणसाला चामड्याचे हातमोजे द्या, आणि खरचटले तर धनुर्वाताचे इंजेक्शन चुकवू नका. दिवाळीच्या सुमारास, गुरे मोकळी सुटण्याआधी, बांधणीची तार आणि पक्कड घेऊन एकदा पूर्ण घेर चाला. वेली कापा, सैल तारा ताणून घ्या, आणि टेकू हलतो का ते प्रत्येक कोपऱ्यावर हाताने रेटून बघा.