पोटातली छावणी : एका काट्यापासून दह्याच्या वाटीपर्यंत



फौजेत नवा तळ पडला की तंबू उभे राहण्याआधी दोन गोष्टी बघतात. पिण्याचं पाणी कुठून येणार आणि संडासाचे चर कुठे खणायचे. तरुण अधिकारी असताना मला या कामाचा कंटाळा यायचा. मग एका सरावात आमच्या एका कंपनीतली जवळपास निम्मी माणसं हगवणीनं आडवी झाली आणि माझा कंटाळा कायमचा गेला. एकही गोळी न सुटता कंपनी निकामी झाली होती.

त्या दिवसांतली एक गोष्ट मात्र डोक्यात राहून गेली. पाणी तेच, लंगर तोच, तरी काही जवान ठणठणीत होते. ते कसे वाचले? आजचा भाग याच प्रश्नाच्या इतिहासावर आहे.

सुरुवात करू १८८२ सालच्या डिसेंबरपासून. इटलीतल्या सिसिली बेटावर मेसिना नावाचं बंदर आहे. तिथे इल्या मेचनिकॉव्ह हे रशियन प्राणिशास्त्रज्ञ सूक्ष्मदर्शकाखाली तारामाशाच्या पारदर्शक अळ्या बघत होते. घरातल्या मुलांसाठी नाताळचं झाड म्हणून संत्र्याच्या जातीचं एक लहानसं झाड सजवलं होतं. त्याचे काटे काढून त्यांनी अळ्यांच्या अंगात टोचले. सकाळी बघतात तो काट्याभोवती फिरत्या पेशींचा गराडा पडलेला. शरीरात परकं काही शिरलं की काही पेशी स्वतः धावून जातात आणि त्याला गिळू बघतात, हे त्यांनी ओळखलं. या भक्षक पेशींच्या शोधाबद्दल १९०८ मध्ये त्यांना पॉल एर्लिश यांच्यासोबत नोबेल मिळालं.

या माणसाशी आपलं मराठी माणसांचंही एक नातं आहे. ओडेसाच्या विद्यापीठातला त्यांचा एक विद्यार्थी गुरूच्या मागोमाग पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये गेला. तिथे आधी ग्रंथालयात काम केलं आणि मग पटकीची लस बनवली. त्याचं नाव वाल्देमार हाफकिन. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, तेव्हा याच हाफकिननी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या तुटपुंज्या जागेत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. परळची हाफकिन इन्स्टिट्यूट त्यांच्याच नावानं आहे. शरीराच्या फौजेला शत्रूची ओळख आधीच करून द्यायची, हे लशीचं तत्त्व. गुरूनं फौज दाखवली आणि शिष्यानं तिला तालीम दिली.

इकडे गुरूचं लक्ष दह्याकडे वळलं होतं. आतड्यात अन्न कुजतं, त्यातून विषं तयार होतात आणि म्हातारपण लवकर येतं, असं मेचनिकॉव्ह मानत. बल्गेरियातले शेतकरी आंबवलेलं दूध पितात आणि दीर्घायुषी होतात, हे त्यांनी ऐकलं होतं. १९०७ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी विरजणातल्या जिवाणूंची बाजू मांडली. स्वतःही ते रोज आंबट दूध घेत. जेवणाच्या शेवटी ताक किंवा दहीभात ज्यांना लागतोच, अशा आपल्या आज्यांना यात नवल वाटलं नसतं. पण मेचनिकॉव्ह यांचा भर आम्लावर होता. दह्यातले जिवाणू आम्ल तयार करतात आणि त्यामुळे कुजवणारे जंतू दबतात, इतकंच. त्यांचं म्हातारपणाचं गणित पुढे टिकलं नाही. बाहेरून आलेला जिवाणू आपल्याच भक्षक पेशींना अधिक तरबेज करू शकतो, हे सिद्ध व्हायला अजून बराच काळ जायचा होता.

आता माझ्या जिव्हाळ्याची गोष्ट. पहिल्या महायुद्धात बाल्कन आघाडीवर जर्मन सैन्याला आमांशानं हैराण केलं. १९१७ मध्ये फ्रायबुर्गचे डॉक्टर आल्फ्रेड निसल यांनी एका अशा सैनिकाची विष्ठा तपासली, जो त्याच मुलखात राहूनही आजारी पडला नव्हता. त्यात त्यांना ई. कोलाय जातीचा एक निरुपद्रवी वाण सापडला. तो आमांशाच्या जंतूंना वाढू देत नव्हता. त्याचं औषध बनलं. ‘निसल १९१७’ या नावानं तो वाण आजही प्रयोगशाळांत अभ्यासला जातो. माझ्या सरावातला प्रश्न या डॉक्टरला माझ्या कितीतरी आधी पडला होता, आणि त्यानं उत्तर शोधलंही होतं.

हे उपकारक जिवाणू, म्हणजे प्रोबायोटिक, नेमकं करतात काय? फौजी भाषेत सांगतो.

पहिलं काम जागा अडवण्याचं. आतड्याच्या अस्तरावर ते ठाण मांडतात, तेव्हा घातक जंतूला पाय रोवायला जागा कमी मिळते.

दुसरं काम रसद तोडण्याचं. जंतूंना वाढायला लोह लागतं. निसलचा वाण ते लोह आधीच पळवतो आणि साल्मोनेलासारखा जंतू उपाशी राहतो, हे २०१३ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं.

तिसरं काम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, ते म्हणजे पहारेकऱ्यांना जागं ठेवण्याचं. आतड्याच्या भिंतीत प्रतिकार करणाऱ्या पेशींची मोठी छावणी असते. जिवाणूंच्या आवरणाचे तुकडे त्या पेशी ओळखतात आणि इतर पेशींना निरोप धाडतात. २०१० मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी उंदरांमध्ये दाखवलं की पोटातल्या जिवाणूंच्या आवरणाचे अंश थेट हाडांतल्या मज्जेपर्यंत पोहोचतात. तिथे तयार होणाऱ्या पांढऱ्या पेशी त्यामुळे न्यूमोनियाचे जंतू जास्त चांगले मारतात. प्रतिजैविकं देऊन पोटातले जिवाणू घालवले, की याच पेशी मंदावतात. मेचनिकॉव्ह यांचा काटा आणि त्यांची दह्याची वाटी, या दोन गोष्टी शंभरावर वर्षांनी अशा एकत्र आल्या.

म्हणजे प्रोबायोटिक ही भाडोत्री फौज नाही. लढाई आपल्याच पेशी लढतात.

मी राहतो नोएडात. इथून दिल्लीची मोठी सरकारी रुग्णालयं तासाभराच्या अंतरावर आहेत. अशा तीन रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात अतिदक्षता विभागात दाखल झालेल्या १३,५३० नवजात बाळांचा अभ्यास झाला. त्यातल्या १४.३ टक्के बाळांना, म्हणजे सातातल्या एकाला, सेप्सिस झाला. सेप्सिस म्हणजे जंतुसंसर्गानं सगळं शरीरच कोलमडणं. जंतू सापडले ते मुख्यतः अ‍ॅसिनेटोबॅक्टर, क्लेब्सिएला आणि ई. कोलाय, आणि त्यातल्या कितीतरी जंतूंवर नेहमीची प्रतिजैविकं चालत नव्हती. दारूगोळाच निकामी झाल्यावर सेनापतीनं काय करावं?

उत्तराचा एक धागा ओडिशातून आला. डॉ. पिनाकी पाणिग्रही यांच्या पथकानं तिथल्या खेड्यांतल्या ४,५५६ नवजात बाळांवर चाचणी केली. ही बाळं जन्मतः निरोगी आणि आईच्या दुधावरची होती. निम्म्यांना लॅक्टोबॅसिलस प्लांटेरमचा निवडलेला वाण आणि त्याला पोसणारी एक विशिष्ट साखर सात दिवस दिली. बाकीच्यांना तसंच दिसणारं, पण औषध नसलेलं चूर्ण. २०१७ मध्ये निष्कर्ष छापून आले. दुसऱ्या गटात ९ टक्के बाळांना सेप्सिस झाला किंवा ती दगावली. पहिल्या गटात हे प्रमाण ५.४ टक्के होतं. विशेष म्हणजे श्वसनमार्गाचा संसर्गही कमी झाला. औषध पोटात गेलं आणि फायदा छातीत दिसला. नुसती जागा अडवून हे होत नाही, यामागे प्रतिकारशक्तीचा हात असावा.

पण मंडळी, हे ऐकून लगेच औषधाच्या दुकानात धावू नका. ओडिशातली बाळं निरोगी होती. दिल्लीच्या अतिदक्षता विभागातली बाळं आधीच आजारी. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं २०२३ मध्ये इशारा दिला की रुग्णालयातल्या अकाली जन्मलेल्या बाळांना प्रोबायोटिक दिल्यानं गंभीर, प्रसंगी जीवघेणा संसर्ग होऊ शकतो. ज्या छावणीत पहारेकरीच नाहीत, तिथे मित्रही शत्रू ठरतो. इस्रायलमधल्या २०१८ च्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की प्रतिजैविकांनंतर प्रोबायोटिक घेणाऱ्यांच्या पोटातले मूळ जिवाणू परतायला उलट जास्त वेळ लागला. एका वाणाचा गुण दुसऱ्याला लागू होत नाही. घरचं दही उत्तम अन्न आहे, ते रोज खा, पण त्याला औषध म्हणू नका. आणि तान्ह्या बाळाच्या तोंडात काय घालायचं, ते फक्त त्याच्या डॉक्टरांना ठरवू द्या.

आमच्या त्या सरावात आम्ही आजारी जवान मोजले, पाण्याच्या टाक्या तपासल्या, चर नव्यानं खणले. ते सगळं बरोबरच होतं. पण जे आजारी पडले नाहीत, त्यांच्याकडे वळून बघावं, असं आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. निसलला ते सुचलं होतं.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.